चाकांचा गेंडा पाळणाघरात

इचलकरंजीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं पाळणाघर आहे, १८ मुलं, दीड ते पाच वर्षांची. आईवडील यंत्रमागावर, गारमेंटमध्ये नाहीतर दुकानात कामाला, त्यामुळे मुलं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तिथेच. हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, वायफाय आहे, मदतीला दोन मावशी आहेत. ताईंनी हौसेने एका मोठ्या संग्रहालयाची ऑनलाइन सफर लावली. तिसऱ्या मिनिटाला निम्मी मुलं उठून गेली आणि उरलेली 'कार्टून लावा' म्हणून मागे लागली. त्यांचा प्रश्न: एवढ्या लहान मुलांना संग्रहालय ऑनलाइन दाखवता येतं का? येत असेल तर कसं? की हा हट्टच सोडावा?

ताई, हट्ट ठेवा, सफर सोडा.

मी १७ वर्षं संग्रहालयाच्या शिक्षण विभागात काम करतेय आणि तुमच्याकडे झालं ते माझ्याकडे याहून वाईट झालंय. २०२० चा पावसाळा, सगळं बंद. एका बालवाडीची मुलं आपापल्या घरी, मी माझ्या घरी. मोठ्या तयारीने २२ स्लाइड केल्या होत्या: नाणी, मूर्ती, शस्त्रं, लघुचित्रं, सगळं. चाळीस मिनिटं बोलले. एक मुलगा पूर्ण वेळ खारी चहात बुडवून खात होता, एकीने मध्येच कॅमेऱ्याला गुडघा लावून 'हे बघा, रक्त आलं होतं' म्हणून दाखवलं. सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होती ती कुणाची तरी आजी. शेवटी मी विचारलं, "काय आवडलं?" पहिलं उत्तर आलं, "तुमच्या मागची मांजर."

मांजर खिडकीत बसली होती. ती हलत होती, खरी होती, आणि तिच्याबद्दल विचारलं असतं तर मी लगेच काहीतरी सांगितलं असतं. माझ्या २२ स्लाइडमध्ये यातलं एकही नव्हतं.

खऱ्या संग्रहालयात मूल चालतं आणि वस्तू थांबलेली असते. ऑनलाइन सफरीत बरोबर उलटं होतं. कॅमेरा चालतो, मूल बसून राहतं. बाण दाबला की दालन, पुन्हा दाबला की दुसरं दालन, आणि त्यात फरशी जास्त दिसते, वस्तू कमी. मोठ्या माणसाला कळतं की आपण आत 'फिरतोय', कारण तो अशा इमारतींतून कधीतरी फिरलेला असतो. तीन वर्षांच्या मुलाकडे ती आठवणच नसते. दुसरी अडचण आकाराची. पडद्यावर अंगठी टीव्हीएवढी, गेंडाही टीव्हीएवढा आणि राजवाडाही टीव्हीएवढाच. तिसरी हाताची. नऊ महिन्यांची बाळं छापील चित्रातली वस्तू बोटांनी उचलून बघतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. दीड वर्ष ओलांडलं की ती उचलायचं सोडून बोट दाखवायला लागतात. पण म्हणून हाताची ओढ संपत नाही. तुमच्याकडची मुलं टीव्हीच्या काचेला नाक लावतात, चापट मारतात, ती मस्ती नसते, ती चौकशी असते.

म्हणून मी आता एकच नियम पाळते. एका वेळी एक वस्तू, ती पडद्यावर येण्याच्या आधी आणि नंतर हातात काहीतरी, आणि पडदा मध्ये थोडा वेळ. कसं, ते एका वस्तूवरून सांगते, कारण ती माझी सगळ्यात लाडकी आहे आणि आजवर एकदाही फसलेली नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल नावाचे शेतकरी तिथे झाडाचा बुंधा खणत होते आणि त्यांना जमिनीत चार वस्तू सापडल्या: एक गेंडा, एक हत्ती, एक रेडा आणि बैल जुंपलेला एक रथ. चारही धातूच्या, भरीव ओतलेल्या. साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात, अभ्यासकांत त्यावर वाद आहेत, पण तो वाद तुमच्या मुलांचा नाही. मुलांच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. गेंड्याला चाकं आहेत. रेड्यालाही आहेत. रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. आणि हत्तीची चाकं गेलेली आहेत, नुसता पाट उरलाय. चारांपैकी तीन वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, चौथी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. फोटो नेटवर सहज मिळतात.

आता हे तीन दिवसांत करायचं. एकाच दिवशी कोंबलं की मुलं चिडचिडी होतात आणि तुम्हीही.

पहिल्या दिवशी टीव्ही बंद. एक टोपली घ्या. त्यात एक खेळण्यातली गाडी, एक लाटणं, एक नारळ, एक चौकोनी डबा, पितळी तांब्या आणि खलबत्त्यातला बत्ता. मुलांना गोल बसवा आणि एवढंच विचारा: काय गडगडतं? काय गडगडत नाही? नारळावर भांडणं होतात, कारण तो गडगडतो पण वाकडा जातो. होऊ द्या. मग जड काय आणि हलकं काय. बत्ता मावशींनी धरायचा, मुलांनी नुसता खालून हात लावून उचलून बघायचा. पायावर पडला तर पुढचे आठ दिवस तुम्हाला पालक दुसरं काही विचारणार नाहीत. 'भरीव' हा शब्द इथे द्यायचा. तांब्या पोकळ, बत्ता भरीव. तीन वर्षांच्या मुलांना हा शब्द भयंकर आवडतो, दिवसभर ती पोट, उशी, डोकं सगळं ठोकून 'भरीव' म्हणत फिरतात.

मग चपलांचा रिकामा खोका आणायचा. वर्तमानपत्रातून गेंड्याचा आकार कापायचा, २५ सेंटीमीटर लांब, १९ सेंटीमीटर उंच. खरा गेंडा एवढाच आहे. तो कागद खोक्यात ठेवून झाकण लावायचं आणि सांगायचं, "उद्या यातला पाहुणा टीव्हीवर दिसणार आहे." संपलं. आज काहीही दाखवायचं नाही. मुलं झाकण उघडून बघणारच, त्यांना कागद दिसेल, 'कुत्रा आहे', 'डुक्कर आहे' असं म्हणतील. म्हणू द्या.

दुसऱ्या दिवशी पडदा. गेंड्याचे फोटो तीनच: पूर्ण गेंडा, त्याची चाकं, त्याचं तोंड. पहिला फोटो आला की तीस सेकंद कुणीही बोलायचं नाही. आपल्याला हे सगळ्यात अवघड जातं. आपण लगेच 'हा कोण आहे सांगा बरं, गें... गें...' करून उत्तर त्यांच्या तोंडात घालतो. गप्प राहिलं की मुलं स्वतःच बोलतात, आणि ती जे बोलतात ते आपल्या प्रश्नांपेक्षा फार सरस असतं. मागच्या वर्षीच्या एका सत्रातली वाक्यं मी लिहून ठेवली आहेत. "त्याला ब्रेक कुठाय?" "तो चालत नाही का, ढकलायला लागतो का?" "ढकलायला आई पाहिजे." मग खोक्यातला कागद काढून टीव्हीशेजारी धरायचा आणि सांगायचं, "टीव्हीत मोठा दिसतो, पण खरा एवढाच." एक पोरगी उठली, कागदावर आपला हात ठेवून कोपरापर्यंत मोजून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या मांडीवर बसेल." बसेल खरा, पण उठवणार नाही, इतका जड आहे, बत्त्याची आठवण इथे काढायची.

शेवटी हत्ती. काही न सांगता फक्त दाखवायचा. "याची चाकं?" असं कुणीतरी म्हणतंच. मला मिळालेली कारणं: पंक्चर झाली, चोराने नेली, दुसऱ्या हत्तीला दिली, धुवायला काढली. यातलं कुठलंही चूक म्हणू नका. खरं उत्तर कुणाकडेच नाही, तेही तसंच सांगा. एका चार वर्षांच्या मुलाला 'संग्रहालयातल्या मोठ्या लोकांनासुद्धा माहीत नाही' हे ऐकून इतका आनंद झाला की तो घरी जाऊन आजोबांना तेवढंच सांगत राहिला.

हे सगळं सात ते दहा मिनिटांत आटोपतं. टीव्ही बंद करताना एकदा 'आता गेंडा झोपायला चालला' म्हणा, म्हणजे रडारड होत नाही.

तिसऱ्या दिवशी माती. शाडू असेल तर शाडू, नाहीतर कणीक. प्रत्येकाने एक प्राणी करायचा आणि त्याला चाकं लावायची. आस म्हणून खराट्याची काडी, चाकं म्हणून बाटलीची झाकणं. झाकणं फक्त तीन वर्षांवरच्या मुलांना, लहानांच्या तोंडात जातात. निम्म्यांचे प्राणी चालत नाहीत. आस घट्ट बसली की चाक फिरत नाही आणि सैल बसली की निसटतं, ही अडचण मुलांच्या स्वतःच्या हाताला लागते. ज्याने कुणी हा गेंडा ओतला असेल, त्यालाही ती लागलीच असणार. त्यानंतर टीव्हीवर तोच फोटो पुन्हा एकदा, एक मिनिटभर लावा. आता त्यांची बघायची तऱ्हा बदललेली असते, ती थेट आसाकडे बघतात. माझ्या लेखी संग्रहालय शिक्षण म्हणतात ते एवढंच आहे. 'दायमाबाद' हा शब्द त्यांना आला नाही तरी चालेल. ('श्रीरामपूरच्या पलीकडचा गेंडा' म्हणा, कुणाचा मामा श्रीरामपूरला असतोच.)

तुम्ही विचाराल, हे तर मीच केलं, मग ऑनलाइन कुठे आलं? दोन ठिकाणी. एक म्हणजे फोटो, जो पूर्वी इतका सहज मिळाला नसता. गूगलचा कला-प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला आणि आज आपल्याकडच्या अनेक संग्रहालयांच्या वस्तू त्यावर अगदी जवळून, केसागणिक दिसतील इतक्या मोठ्या करून बघता येतात. केंद्र सरकारचं भारतीय संग्रहालयांचं पोर्टलही आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने केलेल्या 'जतन' या प्रणालीवर ते चालतं. शोधायला जरा किचकट आहे, इंग्रजीत शब्द टाकावे लागतात, पण एकदा बसून वीस-पंचवीस फोटो निवडून फोनमध्ये उतरवून ठेवले की वर्षाची सोय झाली. उतरवूनच ठेवा. मुलांसमोर चालू इंटरनेटवर काही शोधायचं नाही, मध्ये जाहिरात येते, एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, आणि मग गेंडा गेला आणि काय आलं हे सांगायला नको.

दुसरं म्हणजे पलीकडचं माणूस. इथे रेकॉर्डिंग आणि थेट कॉल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून बघितली: समोर बसून, व्हिडिओ कॉलवरून आणि आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून. पहिल्या दोन्हींतून मुलं शिकली, तिसऱ्यातून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे तोच होता. फरक इतकाच की कॉलवरचं माणूस मुलाच्या हालचालीला उत्तर देत होतं. मूल बोट दाखवतं, माणूस 'हो, ते काय आहे?' म्हणतं. रेकॉर्डिंगला मूल बोट दाखवतं आणि रेकॉर्डिंग पुढे बोलत राहतं. दोन-तीनदा असं झालं की मूल समजून जातं, हा डबा आपलं ऐकत नाही.

म्हणून एखाद्या संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला पत्र लिहा आणि 'व्हर्च्युअल टूर' मागू नका. 'दहा मिनिटं एक माणूस, एक वस्तू, कॉलवर' असं मागा. मोठ्या संग्रहालयांत हल्ली मुलांच्या कामाला माणसं असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर २०१९ पासून मुलांचं स्वतंत्र संग्रहालयच आहे, आणि २०१५ पासून त्यांची फिरती बस शाळांकडे, गावांकडे जाते. तुमच्या भागात अशी बस येतेय असं कळलं तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि बस बोलवा. पडदा हा बसचा दुसरा पर्याय आहे, पहिला नाही. कॉल ठरला तर आदल्या दिवशी त्या माणसाशी तुम्ही पाच मिनिटं बोला. मुलांची नावं द्या, कोण बोलतं, कोण लाजतं, आदल्या दिवशी टोपलीत काय होतं ते सांगा. पलीकडून 'अथर्व, तू काल बत्ता उचललास म्हणे' असं आलं की अथर्व पुढची दहा मिनिटं जागचा हलत नाही. आणि कुणीच मिळालं नाही तर ते माणूस तुम्ही. व्हिडिओ लावला तरी थांबवायचं बटण हातात ठेवा आणि दर वीस सेकंदांनी वापरा.

वयाबद्दल मात्र मी कडक आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना यातला पडद्याचा भाग नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं ते सरळ आहे: वर्षभराच्या मुलाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पडदा बघणं दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. त्या एका तासातला बराचसा तास घरी जेवताना मोबाइलवर खर्च झालेला असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. टाळेबंदीत केंद्राच्या शिक्षण खात्याने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शिका काढली होती, त्यात पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांची मर्यादा होती आणि तीही पालकांशी बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. ते तेव्हा मला जाचक वाटलं होतं. आता वाटतं, बरोबर होतं. दीड वर्षाच्या मुलांना वेगळ्या खोलीत मावशींसोबत टोपली द्या, त्यांचं संग्रहालय तेच. लाकडी डाव, पितळी वाटी, नारळाची करवंटी, सुती चिंधी, जात्याचा नाहीतर पाट्याचा एखादा गुळगुळीत दगड. चाटतील, आपटतील. धुऊन ठेवा.

मांडणीचं थोडक्यात: एका वेळी सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त नाहीत. वेळ सकाळच्या खाऊनंतरची, जेवणाआधीची भुकेली किंवा झोपेआधीची पेंगुळलेली नको. टीव्ही भिंतीवर उंच लावला असेल तर मुलं मान वर करून कंटाळतात. लॅपटॉप पाटावर ठेवलेला बरा. कॉल असेल तर मोबाइलचा कॅमेरा मुलांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा, नाहीतर पलीकडच्या माणसाला फक्त टाळू आणि पंखा दिसतो. नेट जाणार हे धरून चाला आणि फोटो फोनमध्ये असू द्या.

आता तुमच्या गावाचं. मला इचलकरंजीचा खरंच हेवा वाटतो, कारण तुमच्याकडे अशी एक वस्तू आहे जी माझ्याकडे काचेमागे आहे आणि तुमच्याकडे मुलांच्या बापाच्या हातात आहे: धोटा. सुताची कांडी घातलेला, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा. जुने धोटे माळ्यावर, कारखान्याच्या कोपऱ्यात पडलेले असतील. एका पालकाला आणायला सांगा. यंत्रमागाच्या धोट्याची दोन्ही टोकं लोखंडी आणि टोकदार असतात, तेव्हा टोकांना कापड गुंडाळा आणि मुलांच्या हातात देताना तुमचा हात खाली असू द्या. मुलांना विचारा, हे काय? 'होडी' म्हणतील, 'मासा' म्हणतील. एखादं मूल 'पप्पांचं' म्हणेल. मग त्या पप्पांनाच कॉलवर घ्या, पाच मिनिटं, कामाच्या ठिकाणाहून, मागे मागांचा खडखडाट चालू असू द्या. मुंबईतली कुठलीही तज्ज्ञ बाई एवढं चांगलं सत्र घेऊ शकणार नाही. मग पडद्यावर हातमागाचा एखादा जुना धोटा दाखवा आणि विचारा, यात आणि पप्पांच्या धोट्यात काय वेगळं? तुमच्या गावात यंत्रमाग येऊन शंभरावर वर्षं झाली आहेत. पण त्या मुलांना कुणी अजून सांगितलेलं नसतं की त्यांच्या घरातली वस्तू बघण्यासारखी आहे.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आणि दोन ओळी टाका: 'आज आम्ही वज्री बघितली. तुमच्याकडे आहे का? आजीला विचारा.' दुसऱ्या दिवशी काय काय येतं बघा. माझ्या अनुभवात या कामाचा खरा ग्राहक आजी असते. वज्री ही पाय घासायची, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तिचे नमुने आहेत. मुलांना खरबरीत वीट नाहीतर वज्री देऊन एकमेकांचे पाय धुवायला लावायचे, मग फोटो. हसून हसून पुरेवाट होते. ते संग्रहालय लहान मुलांच्या कामासाठी सोन्याची खाण आहे. दिवे, कुलपं, अडकित्ते, वाद्यं, घरातल्या रोजच्या वस्तू, संग्रह २० हजारांच्या वर. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी त्यांनी हा संग्रह जमवत नेला आणि पुढे राज्य सरकारला देऊन टाकला. हे मुलांना सांगायचं नसतं, पण सत्र घेणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

अडकित्त्याबद्दल एक सावधगिरी. एका पाळणाघरात मी 'घरून अडकित्ता आणा' असं लिहिलं. सात अडकित्ते आले, सगळे चालू, सगळे धारदार, मुलांच्याच दप्तरांतून. तेव्हापासून मी वस्तू मागवताना 'मोठ्या माणसाने ताईंच्या हातात द्यावी' हे ठळक लिहिते. किमती वस्तूही नको. एकदा कुणाच्या तरी आजीचा चांदीचा करंडा आला होता, तो परत पोचेपर्यंत मला जेवण गेलं नाही.

कुठल्या वस्तू चालत नाहीत तेही सांगते. नाणी या वयाला अजिबात नाही. लघुचित्रं नाहीत, फार गर्दी असते. शस्त्रं दाखवली की पुढचा अर्धा तास ढिशुमढिशुम. मूर्ती चालतात, पण तुम्ही गणपती दाखवलात तर मुलं हात जोडणार, एखादं डोळे मिटून बसणार. सुरुवातीला मी 'हे संग्रहालय आहे, देऊळ नाही' वगैरे समजवायला जायचे. आता नाही जात. त्यांनी नमस्कार केला की मी विचारते, "त्याच्या हातात काय आहे?" आणि मग सगळे डोळे उघडतात.

चार-पाच वर्षांच्यांना तुटलेल्या गोष्टी फार भावतात. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना यारी (क्रेन) मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो उभा केला. ही गोष्ट मी आधी एक कप फोडून, म्हणजे फुटका कप दाखवून सांगते. 'हत्तीला बाऊ झाला' इथून सुरू होतं आणि फेविकॉलने जोडला का, इथे येतं.

ही टोपलीची कल्पना माझी नाही, हे कबूल केलं पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला काम करू लागल्या तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. आम्ही पडदा घेऊन निघालो आणि फिरून त्यांच्याच टोपलीशी आलो.

एक कोरडी पण गरजेची गोष्ट. कॉलचं रेकॉर्डिंग करायचं असेल, मुलांचे फोटो कुठे टाकायचे असतील, तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीबद्दल २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती स्पष्ट सांगितली आहे. माझी सवय अशी की फोटो काढायचा तो मातीच्या गेंड्याचा आणि हातांचा, चेहऱ्यांचा नाही. पालकांना आपल्या मुलाचा हात बरोबर ओळखता येतो.

आणि तीन-चार वस्तू झाल्या की एकदा खरोखर न्या. मुंबईला नाही, कोल्हापूरला, टाउन हॉलच्या संग्रहालयात. तुमच्यापासून तासाभराचं अंतर. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन समुद्रदेवाचा कांस्य पुतळा तिथला प्रसिद्ध, मोठी माणसं त्याच्यासाठी जातात. तुम्ही तिथलाच छोटा हत्ती बघा, पाठीवर माणसं बसलेला, तोही ब्रह्मपुरीचाच. आधी स्वतः एकदा जाऊन तो कुठे मांडलाय, मुलांना उचलून घ्यावं लागेल का, स्वच्छतागृह कुठे आहे, हे बघून या. फक्त तोच दाखवा आणि अर्ध्या तासात बाहेर पडा, बाहेर झाडाखाली डबा खा. बाकी संग्रहालय तसंच राहू द्या, ते कुठे जात नाही. जाताना वर्तमानपत्राचा गेंडा आणि दायमाबादच्या हत्तीचा फोटो बरोबर न्या. मी एका गटाला असं नेलं होतं तेव्हा काचेसमोर दोन मिनिटं शांतता होती, मग एकाने गुडघ्यावर बसून हत्तीच्या पायाखाली बघितलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "याला चाकं नव्हतीच. याला माणसं आहेत."